मला पाठ करू नका

मी डोळे तपासायचा तक्ता बोलतोय. गोड बोलायला मला कुणी शिकवलं नाही, आणि अक्षर म्हणाल तर माझ्या अंगावर एकही नाही. तीन दातांचा एक काटा, तोच कुठं वर तोंड करून, कुठं खाली, कुठं डावीउजवीकडे. पहिल्या ओळीत तळहाताएवढा, शेवटच्या ओळीत मुंगीएवढा. पोरानं लांब उभं राहायचं, एक डोळा झाकायचा आणि काट्याचं तोंड कुठं ते सांगायचं. एवढं सोपं काम. तेही माणसांनी नासवलं.

कैरोच्या छापखान्यातून मी इजिप्तच्या दक्षिणेला, कीनाकडच्या या ऊसपट्ट्यातल्या शाळेत आलो. उस्ताद अब्दुलमौजूद, इथले मास्तर, मला बघून हरखले. "असली वस्तू काय कपाटात सडवायची?" म्हणाले, आणि फळ्याशेजारी खिळ्याला लटकवलं. बाराही महिने. तिथंच माती खाल्ली.

या शाळेत सगळं तालावर पाठ होतं. कुराणातल्या आयता, पाढे, कालव्यांची नावं. तपासणीला कुणी येणार म्हटलं की आठ दिवस आधी घोकंपट्टी. मीही त्यात सापडलो. मास्तर एकेका काट्यावर छडी ठेवायचे, पोरं डुलत म्हणायची, "वर, उजवीकडे, खाली, खाली, डावीकडे..." मास्तरांच्या मनात पाप नव्हतं. आपलं एकही पोर नापास होऊ नये, एवढंच. डोळ्यांचीही परीक्षाच समजला तो भला माणूस!

इन्शिराह तेव्हा पाच वर्षांची, शिशुवर्गातली. तिचा डावा डोळा किंचित नाकाकडे वळायचा. त्या डोळ्याला माझ्या दोन ओळींपलीकडे नुसतं धुकं. तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. सगळ्यांचा एक डोळा असाच असतो, असं ती धरून चालली होती.

आरोग्य केंद्राच्या रौहियाबाई आल्या. उजवा डोळा झाकून इन्शिराहनं अख्खा तक्ता एका दमात म्हटला.

"वा गं माझी साखर! ससाण्याचा डोळा आहे हा," बाई म्हणाल्या. बाहेर गाडीवाला भोंगा वाजवत होता, अजून तीन शाळा बाकी होत्या. कागदावर लिहिलं, 'उत्तम'. मी खिळ्यावर फडफडलो. वारा सुटला म्हणून कुणीतरी खिडकी लावून घेतली.

असं चार वर्षं.

यंदा नवे डॉक्टर आले. दोन पोरं एकाच चालीत म्हणताना ऐकून म्हणाले, "उस्ताद, हे गाणं कुणी बसवलं?" आणि मला काढून उलटा टांगला. पोरं अडखळली, मग नीट बघून सांगायला लागली. इन्शिराहनं उजवा डोळा झाकला. तळाशी गेलेल्या मोठ्या दोन ओळी बरोबर सांगितल्या. तिसरीपासून जुनंच पाठांतर, तालात, मान डोलवत. एकही खूण जुळेना. वर्ग खोखो हसला. मास्तरांनी तेवढी छडी खाली ठेवली.

"दिसत नाही असं सांगायचं नाही का, पोरी?" डॉक्टरांनी विचारलं.

"पण मला येतंय की!" ती म्हणाली.

आईला बोलावलं. ती कणकेच्या हातांनीच धावत आली. "दर वर्षी उत्तम लिहून दिलंत! ते कागद कुराणाशेजारी जपून ठेवलेत मी."

"पाचव्या वर्षी कळतं तर चांगला डोळा पट्टीनं झाकून हा कामाला लावला असता," डॉक्टर म्हणाले. "न वापरलेला डोळा मेंदू विसरतो, बाई. आता पट्टी बांधून बघू. पण फार आशा धरू नका."

"आणि उद्या उजव्याला काही झालं तर?"

डॉक्टरांनी पट्टी आईच्या हातात दिली.

माझ्या कडा फाटल्यात, मधे माशांनी घाण केलीय. अजून त्याच भिंतीवर आहे. काढा मला इथून. कपाटात टाका, तपासणीपुरता बाहेर घ्या, आणि एकेका पोराला एकटं माझ्यापुढं उभं करा. पोरांना मी अनोळखीच बरा. ओळख झाली की मी खोटी साक्ष देतो.

मधल्या सुट्टीत इन्शिराह येते. पट्टीनं उजवा डोळा झाकलेला असतो. माझ्यापुढं उभी राहते. तोंडानं आता काही म्हणत नाही. नुसती बघत राहते.