पट्टीची मागची बाजू

मी एक जुना आरसा आहे, मित्रांनो. नाण्याएवढा गोल, वाकड्या दांड्यावर बसवलेला. घडलो दातांच्या डॉक्टरांसाठी, पण आयुष्य गेलं गिटारींच्या पोटात. दुरुस्ती करणारे कारागीर मला तारांमधून आत सोडायचे. "हा माझा तिसरा डोळा," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. मी फुगून जायचो.

एकदा एक मास्तर गिटार घेऊन आले. "वाजवताना खरखर येते."

कारागिरांनी मला आत फिरवलं. लाकडाला आतून आधार देणाऱ्या पट्ट्या मी दाखवल्या, समोरून दिसल्या तशा. नीट चिकटलेल्या.

"गिटार ठणठणीत आहे, मास्तर. बोटं थकलीत तुमची."

"वय झालं म्हणायचं," मास्तर हसले. पुन्हा आले नाहीत.

इथेच थांबावंसं वाटतं. पण अर्धवट एकदा दाखवून झालंय माझं.

चार वर्षांनी मास्तरांच्या पत्नी तीच गिटार घेऊन आल्या. "ते गेले. आता नात शिकतेय. तारा बदलून द्या."

त्याच आठवड्यात कारागिरांच्या मुलीने गिटारीच्या आत सोडायचे तीन छोटे कॅमेरे आणले. "बाबा, वाकून वाकून मान मोडेल. एक निवडा, बाकीचे परत करते."

टेबलावर मास्तरांचीच गिटार होती. पहिल्याचं डोकं जाड, तारांमधून जाईना. "हा गटारं तपासायला द्या कुणाला तरी." दुसऱ्याला जवळचं सगळं धुरकट. तिसरा पेन्सिलीहून बारीक, बाजूलाही बघणारा. मुलीने तो पट्टीच्या मागे नेला.

पडद्यावर पट्टी आणि लाकडाच्या मध्ये फट. कारागिरांनी तार छेडली. पट्टी थरथरली. खरखर.

"आत्ता सुटली असेल, बाबा."

"फटीत धूळ बघ किती जुनी आहे." मग तिसरा कॅमेरा हातात घेऊन म्हणाले, "हाच ठेव."

पट्टी चिकटवून गिटार द्यायला ते स्वतः गेले. सवयीने मी त्यांच्या खिशात होतो.

"वहिनी, मास्तरांची बोटं चांगली होती. मीच चुकलो."

त्यांनी गिटार आत नातीकडे दिली. "रोज रात्री मी तेल लावून चोळून द्यायचे," म्हणाल्या. "तरी म्हणायचे, सुधारत नाहीत."

आतल्या खोलीत नातीने तार छेडली. स्वच्छ वाजली.

आता मी खणात असतो. मला पुसू नका, मित्रांनो, जपूही नका. फक्त कुणाच्या हातांना थकलेलं म्हणण्याआधी पट्टीची मागची बाजू बघा. मला ती दिसत नव्हती, आणि तसं मी कधी सांगितलं नाही.