कोरडेपणाची हमी

मी राजेंद्रसाहेबांची नारिंगी पिशवी बोलतेय. साहेबांची म्हणायचं ते जुन्या सवयीनं. सध्या माझा मुक्काम झुंबरबाईंच्या गोठ्याबाहेरच्या खुंटीवर आहे. अंगावर शेणाचे दोन-चार शिंतोडे आहेत, शेजारी म्हैस रवंथ करतेय आणि पोटात काठोकाठ पाणी आहे. पाण्याचं सांगताना मला अजून थोडी लाज वाटते, कारण माझा जन्म झाला होता तो पाण्याचा थेंब आत येऊ नये म्हणून.

जन्म पुण्याशेजारच्या भोसरीतल्या एका पत्र्याच्या शेडमधला. जाड कापड, त्यावर रबरासारखा लेप, आणि शिवणी सुईनं न घालता उष्णतेनं चिकटवलेल्या. वर मोठं तोंड, तोंडाला बकल. तोंडाच्या तीन घड्या घालायच्या, बकल लावायचं, मग मला धरणात फेका की नदीत, आतला माल कोरडाठाक. छातीवर मात्र एक परदेशी वाटावं असं नाव छापलं गेलं. तेवढ्या भांडवलावर मी पुण्याच्या एका चकचकीत दुकानात जाऊन बसले आणि भोसरी विसरले.

राजेंद्रसाहेबांनी मला तिथूनच उचललं. नोकरीतून लवकर मोकळे झालेले गृहस्थ. वेळ भरपूर आणि दुसऱ्याला शिकवायची हौस त्याहून जास्त. शनिवारी गाडीच्या टपावर कॅनू बांधायची आणि पवनेचं धरण गाठायचं, हा त्यांचा नेम. कॅनू म्हणजे वल्ह्यानं हाकायची लांबट, उघडी होडी. ती पाण्यात घालायची, पलीकडच्या काठाला तंबू ठोकायचा, आणि घरी गॅसवर पाच मिनिटांत होणारा चहा तिथं ओल्या काटक्यांवर तासाभरात करायचा. याला ते मोहीम म्हणत. सोबत त्यांच्या पत्नी अनघाताई असत. त्या याला काहीच म्हणत नसत.

उघड्या होडीत वल्ह्याचं पाणी उडतं, वरून पाऊस येतो, म्हणून कपडे, अंथरूण, काडेपेटी सगळं माझ्या पोटात. मी माझं काम चोख करत होते. पण माणसाला कोरडेपणाचा भरवसा नसतो. भर पावसात, भर धरणात साहेबांना शंका येई. "आतलं कोरडं आहे ना? बघू जरा." मग तीन घड्या उलगडायच्या, तोंड उघडायचं, आत वाकून बघायचं. तेवढ्यात पाऊसही माझ्यात वाकून बघायचा. "बघ, कोरडं आहे!" असं म्हणून साहेब तोंड बांधत, आणि काठावर पोचल्यावर त्यांचा सदरा दमट निघाला की माझ्याकडे संशयानं बघत.

त्यांची आणखी एक आवड म्हणजे प्रात्यक्षिक. नवा माणूस भेटला की साहेब मला पाण्यात बुडवून गळ्यापर्यंत भरायचे, तीन घड्या घालायचे आणि उलटी टांगायचे. थेंबसुद्धा गळायचा नाही. "पाणी बाहेर येत नाही, म्हणजे आत जाणार कुठून?" लोक टाळ्या वाजवत. खरं सांगते, त्या टाळ्या मला आवडायच्या.

गेल्या वर्षी परतीच्या पावसात आमचा तंबू झुंबरबाईंच्या वाडीखाली होता. बाई सत्तरीच्या, अंगानं काटक, बोलायला सडेतोड. सकाळी त्या तरातरा उतरून तंबूपाशी आल्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"साहेब, तुमी पल्याड कवा जानार?"

"आत्ता निघतोच आहोत, आजी. का?"

"मला नेता का? रातीच्या पावसानं रस्त्याची मोरी खचली. यष्टी न्हाई, जीप न्हाई. दुपारी तीन वाजता पुन्यात माज्या नातीची कागदं बघनार हायेत. झेराक्स चालत न्हाई म्हनं, असलच पायजे. असल हितं हाय आन् नात लोनावळ्यात."

नात म्हणजे स्नेहल. लोणावळ्यात एका हॉटेलच्या काउंटरवर काम करता करता तिनं सरकारी नोकरीची परीक्षा दिली होती. धरणग्रस्तांच्या राखीव जागेतून तिची निवड झाली होती, मूळ दाखला तेवढा दाखवायचा बाकी होता. तो दाखला झुंबरबाईंच्या सासऱ्यांच्या, कोंडाजींच्या नावाचा. जमीन धरणात गेली एवढंच सांगणारा, निळ्या शाईनं लिहिलेला, खाली गोल शिक्का असलेला एक पातळ कागद. मावळातल्या पन्नासेक पावसाळ्यांत तो चुलीवरच्या आढ्याला टांगून राहिला होता, खताच्या जुन्या प्लास्टिक पिशवीत.

साहेबांनी ती पिशवी दोन बोटांत धरली. धुरानं पिवळी पडलेली, तोंडाला सुतळी.

"आजी, एवढा महत्त्वाचा कागद आणि हे असलं? होडी आहे ती, पाणी उडणार. द्या इकडं, आमच्या बॅगेत ठेवू. इंपोर्टेड आहे."

"ऱ्हाऊ द्या की हितंच. हिनं कवा दगा न्हाई दिला."

झालं! साहेबांना नवा माणूस भेटला. त्यांनी मला रिकामं केलं, पाण्यात बुडवलं, गळ्यापर्यंत भरलं, घड्या घातल्या आणि बाईंच्या डोळ्यांसमोर उलटं धरलं. मी श्वास रोखला. एक थेंब गळला नाही.

"बघितलंत?"

"व्हय, न्हाई गळली," बाई म्हणाल्या. "पर आता आतून पुसनार ना?"

साहेब हसले. मला उलटी करून दोनदा झटकलं, आत हात फिरवला, टॉवेलाचा एक फटकारा मारला. पण उलटी केल्यावरसुद्धा माझ्या तळाच्या जाड शिवणीच्या दुमडीत ओंजळभर पाणी अडकून राहतं. ते मला माहीत होतं. साहेबांना माहीत नव्हतं, कारण प्रात्यक्षिकानंतर त्यांनी माझ्यात लगेच कधी काही ठेवलंच नव्हतं. दाखला जुन्या पिशवीतून बाहेर निघाला, "सगळ्यात सुरक्षित" म्हणून माझ्या अगदी तळाशी गेला, आणि वरून अंथरुणं दाबून बसवली. मला तोंड आहे, पण ते बकलानं बांधायचं तोंड. ओरडता आलं असतं तर त्या दिवशी मी सगळं धरण दणाणून सोडलं असतं.

जुनी पिशवी साहेबांनी कचऱ्यात टाकली. बाईंनी ती गुपचूप उचलून कमरेला खोचली.

पाणी शांत होतं. बाई होडीच्या मधोमध पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या. पन्नासेक वर्षं या पाण्याच्या काठाला राहून त्या पाण्यावर पहिल्यांदाच आल्या होत्या. काठापासून थोडं आत गेल्यावर त्यांनी मान वळवली. मागं वाडीतला आंबा आणि पुढं तिकोना किल्ल्याचं टोक एका रेषेत आलं होतं.

"हितं," त्या म्हणाल्या. "ह्याच्याखाली आमचं वावर. लगीन हून आले आन् दोन सुग्या केल्या हितं. तिसऱ्या साली पानी आलं."

अनघाताईंनी वल्हं उचलून धरलं. साहेबांनीही आपलं वल्हं आडवं टाकलं. वर त्या तिघांची सावली वावरावरून चालली होती आणि आत, माझ्या पोटात, कोंडाजींचं नाव हळूहळू भिजत होतं.

पलीकडच्या काठाला नसीम नावाच्या एका तरुणीचं वडापावचं दुकान आहे. होडी लागली, सामान उतरलं, साहेबांनी ऐटीत बकल काढलं, अंथरुणं काढली आणि तळाशी हात घातला. हात तसाच राहिला. मग बाहेर आला तो कागद नव्हता, ओली पोळी होती. निळी शाई नावाभोवती पसरली होती.

साहेबांचा चेहरा असा झाला की मला माझं दुःख विसरून त्यांची कीव आली. अनघाताई एवढंच म्हणाल्या, "राजेंद्र, त्यांनी विचारलं होतं तुला."

मला वाटलं, बाई आता रडतील किंवा शिव्या देतील. मला तरी नक्की देतील. पण त्यांनी तेवढाही वेळ घालवला नाही.

"नसीम, धुतलेलं सुती फडकं हाय का? आन् च्याच्या पातेल्याचं झाकन दे. कोमट पायजे, कडक नगं."

"घ्या, मावशी. दोन फडकी घ्या. हितं सावलीला बसा, वारं लागंल तिथं."

बाईंनी कागद फडक्यावर पसरला, दुसरं फडकं वर घातलं आणि कोमट झाकण अलगद टेकवलं. घासायचं नाही, नुसतं टेकवायचं आणि उचलायचं. झाकण गार झालं की नसीम दुसरं देई. तळण थांबवून ती तासभर हेच करत होती, आणि गिऱ्हाईक कुरकुरलं तर त्यालाच फडकं पिळायला लावत होती. तासाभरानं कागद सुकला. नाव पुसट झालं होतं, कडा लाटा आल्यासारख्या झाल्या होत्या, पण नंबर आणि शिक्का शाबूत होते. बाईंनी कमरेची जुनी पिशवी काढली, आतून पदरानं पुसली, बोट फिरवून बघितलं, आणि मग कागद आत ठेवला. मी शेजारीच तोंड उघडं टाकून पडले होते. एवढं साधं बोट माझ्यात कुणी फिरवलं असतं तर!

साहेबांनी तिथं उभी केलेली गाडी काढली. लोणावळ्यात स्नेहलला घेतलं आणि थेट पुणं गाठलं. मी डिकीत होते, म्हणून कचेरीतलं काही बघितलं नाही. पण परतीच्या वाटेवर स्नेहल हसत-रडत सांगत होती ते ऐकलं. तिथल्या बाबूनं कागद उजेडाला धरला आणि म्हणाला, "हा भिजलाय, आजी. नाव नीट दिसत नाही."

झुंबरबाई म्हणाल्या, "धरनग्रस्ताचा हाय, साहेब. वावर बुडालं म्हनून तर कागद मिळाला, आता नाव बी बुडालं. नंबर बगा."

बाबूनं जुनं रजिस्टर मागवलं, नंबर जुळवला आणि सही केली. स्नेहल हे पुन्हा पुन्हा सांगत होती. साहेब गाडी चालवत होते आणि तळेगाव मागं पडेपर्यंत त्यांनी कुणाला काहीही शिकवलं नाही.

पंधरा दिवसांनी ते वाडीवर आले. मला स्वच्छ धुऊन, आतून बाहेरून वाळवून आणलं होतं.

"आजी, ही तुम्हाला. कागदपत्रं ठेवायला."

बाईंनी मला हातात घेऊन उलटसुलट बघितलं. "कागदाला नगं, साहेब. पान्याला चालंल. थेंब गळत न्हाई, म्या बगितलंय."

तेव्हापासून मी पाणी वाहते. कागद आढ्यालाच आहे, आपल्या जुन्या पिशवीत. दार उघडं असलं की इथून ती दिसते. धुरानं माखलेली, छातीवर फक्त खताचं नाव. मी तिला कमी लेखलं होतं, ते आता कबूल करते. मी हमी देत फिरले, ती नुसती टांगून राहिली.

तुम्हीही मोहिमांना जात असाल, माझ्या बहिणी तुमच्या पाठीवर असतील, तर एक विनंती आहे. आम्ही पाणी आत येऊ देत नाही हे खरं, पण आत राहिलेलं बाहेरही जाऊ देत नाही. तेव्हा तीन घड्या घालायच्या आधी एक बोट तळापर्यंत फिरवा. छातीवर काय छापलंय ते वाचत बसू नका.

आता मे महिना आहे. वाडीची विहीर आटली आणि धरण पार खाली गेलंय. झुंबरबाई सकाळी मला खांद्यावर टाकून गाळ तुडवत आत जातात, आंबा आणि तिकोन्याचं टोक एका रेषेत येईपर्यंत. तिथं यंदा पाण्याच्या कडेला दगडी बांधाची एक ओळ उघडी पडलीय. बांधावर उभं राहून त्या मला भरतात, तीन घड्या घालतात, बकल लावतात.

"चल," म्हणतात, "सांडू नगंस. आपल्या वावरातलं हाय."

मी सांडत नाही.