पाठवलेल्या मेलमधली हुरहूर

"तुम्हीच नको म्हणालात की, मॅडम. तसा मेल आलाय तुमचा," बीडच्या माती परीक्षण प्रयोगशाळेतला कारकून म्हणाला. "आता सोमवारी दुसऱ्या बाईंना बोलावतोय."

अंजूने फोन ठेवला. फोन नवऱ्याचा, शिवशंकरचा. तिचा गेवराईला दुरुस्तीला गेला तो गेलाच. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून उमापूरजवळच्या या मेंढपाळांच्या घरात आल्यावर पहिल्यांदाच नोकरी हाताशी आली होती. अर्ज भरताना तिने आपलं मेलचं खातं याच फोनवर उघडलं होतं. ते तसंच उघडं राहिलं होतं.

"काहून गं तोंड उतरलं?" ज्वारी पाखडता पाखडता सासू केसरबाईंनी विचारलं.

"एक मेल हुडकतेय, आत्या."

"हुडक बाई. आमचं कोकरू हरवलं तर पावलं तरी दिसत्यात मातीत."

इनबॉक्समध्ये प्रयोगशाळेचं नावसुद्धा नव्हतं. मग तिने शोधाच्या चौकटीत 'इन एनिव्हेअर' लिहून पुढे ते नाव टाकलं. आता कचऱ्यासकट सगळं धुंडाळलं गेलं, आणि नेमणुकीचं पत्र कचऱ्यात सापडलं. कुणीतरी वाचून टाकलेलं.

मग तिने लिहिलं, 'फ्रॉम', कोलन, 'मी'. शब्द इंग्रजी, पण अर्थ मराठीसारखाच. हे खातं ज्याचं, तो 'मी'. त्या मीने काय काय पाठवलंय ते दाखव.

सगळ्यात वर एक मेल होता. तिने न लिहिलेला.

'घरच्या अडचणीमुळे नोकरीला येणे जमणार नाही हुरहूर हुरहूर लोभ असावा.'

तिने तो पुन्हा वाचला. शिवशंकर असं लिहीत नाही. लोभ असावा तर कधीच नाही. आणि हुरहूर? कुणाला लागली होती हुरहूर?

तेवढ्यात बाहेर सासरे, आप्पा, मेंढ्या काटेरी कुंपणाच्या वाडग्यात वळवू लागले. "हुर्र! हुर्र! समद्या आत व्हा!"

अंजू ऐकत राहिली. आप्पांना टाइप येत नाही, पण फोनला बोलून दाखवलं की तो लिहितो, हे शिवशंकरनेच त्यांना शिकवलं होतं. मेंढ्यांत उभं राहून त्यांनी तिचं आयुष्य सांगितलं, आणि मेंढ्यांना घातलेली 'हुर्र हुर्र'ही फोनने 'हुरहूर' म्हणून त्यात घेतली.

ती बाहेर वाडग्यात गेली. "मामा, माझ्या नावानं मेल तुमी पाठवला?"

आप्पा दचकले नाहीत. "पाठवला. तुला काय कमी हाय इथं? रोज बीडला जायचं म्हंजे लोक काय म्हनतील?"

"मला विचारलं का न्हाई?"

"इचारलं असतं तर नोकरीला हो म्हनली असतीस."

खरंच होतं ते. ती तिथेच उभी राहून लिहू लागली: 'याआधीचा मेल माझा नव्हता. मला नोकरी हवी आहे. सोमवारी रुजू होते.' आणि पाठवला.

शिवशंकर गाडी लावून आला. बापाचं तोंड पाहिलं, तिच्या हातातला फोन पाहिला.

"काय पाठवलंस?"

तिने फोन त्याच्यापुढे धरला.

"हे मागं घेता येतं का?" त्याने हळूच विचारलं.

"पाठवल्यावर थोडाच वेळ येतं. तो वेळ गेला."

शिवशंकरने फोन घेऊन खिशात घातला. "सोमवारचं बघू," तो म्हणाला. या घरात 'बघू' म्हणजे 'नाही', हे सगळ्यांना पाठ होतं.

"बघा तुमी," अंजू म्हणाली. "मी एस.टी.नं जाईन."

आप्पांनी वाडग्याचं काटेरी झापाचं दार ओढून घेतलं. अंजू अजून आतच, मेंढ्यांत उभी होती.