चोक आणि गाऱ्हाणं

महिपतने तीच वायर चौथ्यांदा सोडवली, तिचं टोक सुरीने खरवडलं, पुन्हा आवळली आणि बॉनेटखालून डोकं न काढताच ओरडला,

"मारा सेल्फ!"

रायबाने चावी फिरवून सेल्फ मारला. ट्रक एका दमात सुरू झाला.

खरं तर महिपतला बरं वाटायला हवं होतं. पण त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. चार दिवसांत चार वेळा त्याने या ट्रकला हात लावला होता. दर वेळी इंजिन पुरतं गार पडेपर्यंत थांबला होता आणि दर वेळी ट्रक असाच शहाण्यासारखा सुरू झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मात्र रायबाचा फोन ठरलेला.

"म्हैपत, गाडी चालू व्हत नाय रे."

ट्रक पेट्रोलवरचा, कार्बोरेटरवाला, रायबाने तरुणपणी लष्कराच्या लिलावातून आणलेला. आंबेनळी घाटाच्या वरच्या अंगाला त्याची वाडी. वाडीतल्या प्रत्येक गोठ्यातलं दूध या ट्रकमधून खाली कापडे गावच्या दूध केंद्रावर जायचं. यंदा थंडीत रायबाचा उजवा खांदा धरला आणि चोकची दांडी ओढून धरणं त्याला जमेनासं झालं. मग महिपतने हौसेने विजेचा चोक बसवला. 'तालुक्यात पहिलाच' असं टपरीवर सांगूनही मोकळा झाला. आता त्याच टपरीवर लोक विचारत होते, "काय मेस्त्री, आज कोणी ढकलला?"

रोज सकाळी वाडीतली माणसं ट्रक ढकलून उतारावर सोडत, तेव्हा कुठे तो सुरू होई. पुढे घाट होता, एका बाजूला दरी होती, आणि इंजिन बंद असलेल्या गाडीचा ब्रेक किती लागतो हे महिपतला चांगलं ठाऊक होतं. त्याला त्याचीच धास्ती वाटत होती.

"मेस्त्रीकाका, सोडा ना आता," ओट्यावर मोबाइल घेऊन बसलेला हर्षद म्हणाला. रायबाचा हा मुलगा मुंबईत टॅक्सी चालवायचा आणि चार दिवसांसाठी घरी आला होता. "रविवारी महाडचा भंगारवाला येतोय. एकदम फायनल. उद्याचा एक दिवस बघतो, परवा सकाळी पन नाय चालू झाली, तर गाडी त्याची."

रायबाने डाव्या हाताने बॉनेटवरची धूळ पुसली आणि पुसलेल्या जागेवरून पुन्हा हात फिरवला. ट्रक गेला की वाडीचं दूध खाली न्यायला दुसरं काही नव्हतं. आणि चाळीस वर्षं सगळ्यांना घेऊन जाणाऱ्या रायबाला कुणाच्या तरी मोटारसायकलमागे बसून बाजार करावा लागणार होता.

महिपत चडफडतच घाट उतरला. चूक कुठे आहे? थंड इंजिनाला सुरू होताना हवा कमी लागते, म्हणून चोकची झडप वाट अडवून बसते. चावी फिरवली की चोकला करंट जातो, आतली स्प्रिंग हळूहळू तापते आणि झडप उघडते. तोवर इंजिनही गरम झालेलं असतं. यात बिघडण्यासारखं आहेच काय? वायर ठीक, अर्थिंग ठीक, बॅटरी ठीक. म्हणजे कुणीतरी हात घालतंय. हर्षदच असणार, मेला!

शनिवारी उजाडायच्या आधीच त्याने मोटारसायकल वळणावर लावली आणि चालत वाडीत शिरला. पेंढ्याच्या उडवीमागे उभा राहिला. या वयात चोरासारखं लपावं लागतंय म्हणून त्याने स्वतःलाच एक शिवी हासडली.

हर्षद आला नाही. आली ती रायबाची बायको, बायजा. हातात उदबत्ती घेऊन म्हातारी कष्टाने ट्रकच्या केबिनमध्ये चढली, बसली आणि तिने चावी फिरवली. डॅशबोर्डवरच्या देवीच्या फोटोपुढे लाल दिवा लागला. दिव्याची वायर चावीवरच होती. ती महिपतनेच जोडून दिली होती, पंधराएक वर्षांपूर्वी.

गोठ्यात रायबा किटल्या भरत होता. इकडे बायजाने हात जोडून देवीला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"आई, गुरांना संभाळ. हर्षदला मुंबैत गाडी हळू चालवायची बुद्धी दे. यांचा खांदा बरा कर गो..."

चावी चालू होती. इंजिन गारठलेलं होतं आणि तिकडे चोकची स्प्रिंग खुशाल तापत होती. महिपतने कपाळावर हात मारून घेतला. रायबा येऊन सेल्फ मारेपर्यंत झडप सताड उघडी! एवढंसं कारण, आणि त्यापायी त्याची तालुकाभर शोभा! तो तरातरा पुढे निघाला. म्हातारीला आता चार शब्द सुनवायचेच होते.

"...आनि आई, त्या म्हैपत मेस्त्रीच्या हाताला यश दे. मानूस वाईट नाय गो. रोज येतोय, मान मोडेस्तवर खपतोय, पन काय जमंना झालंय त्याला. लोकं हसतात. चार मान्सांत त्याची मान खाली नको जाऊ देऊस..."

महिपत जागीच थांबला. बायजा बराच वेळ त्याच्याविषयी बोलत होती. त्याच्या बायकापोरांची नावं घेऊन झाली, गुडघेदुखीही निघाली. पहिल्या दिवशी हे गाऱ्हाणं एवढं लांब नसणार; ट्रक अडत गेला तसं त्याच्यासाठीच ते वाढत गेलं असणार. तो आल्या पावली उडवीमागे परतला.

रायबाने सेल्फ मारला. इंजिन नुसतं खरखरलं. माणसं ढकलायला जमली.

दूध पोचवून ट्रक परत आल्यावर महिपत तो उघडून बसला. देवीच्या दिव्याला वेगळं बटण दिलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. पण बटण कशासाठी, हे मग बायजाला सांगावं लागलं असतं. त्याने रिले म्हणजे आपोआप लागणारा स्विच आणला, इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या आल्टरनेटरपर्यंत नवी वायर ओढली आणि इंजिन फिरू लागल्यावरच चोकला करंट जाईल अशी जोडणी केली. त्यात दुपार गेली.

"काय होतं मग?" हर्षदने विचारलं.

"वायर चुकीच्या जागी मारली होती. माझीच चूक."

"मी बोललो होतो ना बाबांना, चूक मेस्त्रीचीच!" हर्षद हसला.

महिपतने पाना पिशवीत टाकला, जरा जोरातच.

रविवारी सकाळी तो कापड्याला आपल्या गॅरेजसमोर फोन हातात धरून उभा होता. सहा वाजले. सव्वासहा झाले. फोन वाजला नाही. वाजला तो हॉर्न. ट्रक वळणावरून आला आणि त्याच्यासमोर थांबला.

"पैल्या दमात!" रायबा खिडकीतून ओरडला. "भंगारवाल्याला नको येऊ म्हनून सांगितलं हर्षदनं!"

शेजारी बसलेल्या बायजाने खरवसाचा डबा पुढे केला.

"घे. तुला रोज गाऱ्हान्यात घेत व्हते रं. आईनं ऐकलं. आता उद्यापासनं तुझं नाव काढते, तेवढंच गाऱ्हानं लौकर आटपंल."

महिपतने डबा घेतला. झाकण उघडून पाहिलं, पुन्हा लावलं.

"ऱ्हाऊ दे गो मावशे," तो म्हणाला. "आता कितीबी वेळ लागला तरी चालंल."