नळीवरची तारीख

हॅल्वर ट्वेट मार्चमध्ये वारले. शेत धाकट्या मुलाला, डेल्मरला मिळालं आणि थोरल्या मुलीला, व्हर्नाला रिव्हॉल्व्हर. वाटणी अशी का, हे कुणी विचारलं नाही. नॉर्थ डकोटातली ट्वेट मंडळी विचारणारी नव्हतीच.

त्या रिव्हॉल्व्हरची कथा मात्र अख्ख्या गावाला पाठ होती. १८८९ साली पणजोबा अन्स्गर बँकेत गेले असता दरोडेखोर आला आणि पणजोबांनी याच रिव्हॉल्व्हरने त्याला पिटाळलं. दर जुलैत गावच्या मेळाव्यात डेल्मर ही कथा माईकवरून सांगायचा, आणि दरवर्षी दरोडेखोर चार बोटं उंच व्हायचा.

व्हर्ना शाळेची बस चालवायची. रिव्हॉल्व्हरचा विमा उतरवायचा तर त्याचं वय लिहावं लागणार, म्हणून ते पावाच्या रिकाम्या डब्यात घालून ती ऑरिन हाल्डेमनकडे गेली. ऑरिन बंदुका दुरुस्त करायचा. शाळेत दोघं एकाच वर्गात होती.

ऑरिनने आधी ते रिकामं असल्याची दोनदा खात्री केली, मग भिंग लावून नळीच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचली.

"पणजोबा बँकेत कधी गेले होते म्हणालीस?"

"एकोणनव्वद साली. अठराशे."

"इथे पेटंटच्या तारखा कोरल्यात. शेवटची १९०९ ची आहे. म्हणजे हे त्याच्या आधीचं असूच शकत नाही."

"पणजोबा १९०९ मध्येच वारले. जानेवारीत."

"मग त्यांनी फारच घाई केली," ऑरिन म्हणाला.

त्याने मुठीचा स्क्रू काढला. काळ्या मुठीच्या आतल्या बाजूला सुईने कोरलं होतं: आय. ट्वेट, १९११. गोळ्यांच्या पाच घरांपैकी चार लख्ख होती, पाचव्याला आतून गंज चढला होता.

"एकच गोळी झाडलीय," ऑरिन म्हणाला, "आणि नंतर कुणी साफ केलं नाही."

व्हर्नाने डेल्मरला फोन केला. नळीवरची तारीख आणि मुठीतलं नाव सांगितलं.

"ऑरिनला चष्मा लागलाय," तो म्हणाला.

"तारीख मी पण वाचली, डेल्मर."

"तुलाही लागलाय."

आय. म्हणजे इंगा. पणजी. तिला पाहिलेलं एकच माणूस उरलं होतं: वडिलांची मोठी बहीण, सॉल्वेग आत्या, वय चौऱ्याण्णव. रविवारी व्हर्ना वृद्धाश्रमात गेली तेव्हा आत्या पत्ते लावत बसली होती. व्हर्नाने मुठीत कोरलेलं नाव सांगितलं.

"माझ्या आजीचंच ते," आत्या पत्त्यांवरची नजर न काढता म्हणाली. "आजोबा गेल्यावर दीर आला कॅनडातून. टोरवाल्ड. बाईला शेत काय झेपणार, म्हणाला, कागदावर सही कर. तिने आठवडाभराची मुदत मागितली, गावात जाऊन हे विकत आणलं. तो परत आला तेव्हा ओसरीवर बसली होती."

"मारलं त्याला?"

"टोपीला. तो घोड्यावर होता. ती म्हणायची, घोड्याला लागू नये म्हणून मी वर नेम धरला होता. नेम कच्चा होता तिचा. तो परत आला नाही."

"आणि बँक?"

"दरोडा पडला होता खरा. आजोबा टेबलाखाली होते. चांगली जागा होती ती."

"आत्या, मग हे कधी बोलली का नाहीस?"

"सगळे तुझ्या बापाला विचारायचे. त्याला गोष्टी सांगायला आवडायचं."

व्हर्ना तडक डेल्मरच्या शेतावर गेली. तो ट्रॅक्टरखाली होता. तिने सगळं त्याच्या बुटांना सांगितलं.

"म्हणजे हे शेत तिच्यामुळे..." आतून आवाज आला.

"हो."

"मी माईकवर काय सांगू आता?"

"तेच सांग."

जुलैत डेल्मर चौथऱ्यावर चढला. खिशातून कागद काढला, पुन्हा घातला, आणि म्हणाला की आजवर त्याने चुकीचं सांगितलं; रिव्हॉल्व्हर पणजीचं होतं. मग इंगा, टोरवाल्ड आणि टोपी. लोक ऐकत होते. मागून कुणीतरी विचारलं, दरोडेखोर केवढा होता?

"माहीत नाही," डेल्मर म्हणाला. "पणजोबांनी त्याचे फक्त बूट पाहिले."

खाली उतरून तो व्हर्नाशेजारी बाकावर बसला. तिने त्याच्यासाठी रुबार्बचे आंबट देठ भरून भाजलेल्या पाईचा तुकडा राखून ठेवला होता. त्याने तो संपवला.

"पुढच्या वर्षी तू सांग," तो म्हणाला.

"मला बस चालवायची असते."

"जुलैत शाळा नसते, व्हर्ना."

ती विचार करते म्हणाली.