गोटीचे आठशे ग्रॅम

मित्रांनो, तुम्हाला आठवणार नाही, पण तुम्ही अगदी तान्हे असताना कुणीतरी तुम्हाला कापडी झोळीत घालून माझ्यासारख्या एकाच्या हुकाला टांगलं असेल आणि तुम्ही घर डोक्यावर घेतलं असेल. मी तोच, मुलांची वजनं करणारा स्प्रिंगचा वजनकाटा. आता म्हातारा झालोय. तोंडावरची काच तडकलीय, पाठीचा निळा रंग उडालाय. हल्ली एका स्वयंपाकघरात, खिडकीजवळच्या कडीला लटकलेला असतो. इथवर कसा आलो ते तुम्हाला सांगायचं आहे. जरा सावरून बसा, कारण गोष्ट लहान मुलांची असली तरी गोड नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी माझ्या हुकाला एक किलो लावला, दोन लावले, पाच लावले. मी सगळे बरोबर सांगितले. मग त्यांनी सगळी वजनं काढून घेतली आणि माझ्या रिकाम्या सुईकडे ते कितीतरी वेळ बघत राहिले. "भरल्यावर कुणीही बोलेल रे," ते मला म्हणाले, "दुसऱ्याला तोलायचं तर आधी आपण शून्यावर यावं लागतं." देवभोळा माणूस होता. मला नमस्कार करून त्यांनी खोक्यात ठेवलं.

तिथून मी बालकल्याण कचेरीत आलो आणि थोरल्या नर्सबाईंच्या पिशवीत जाऊन बसलो. पुढची कित्येक वर्षं आम्ही दोघं घरोघर हिंडलो. महिन्यातून एकदा प्रत्येक घर. बाई आत आल्या की आधी रिकामी झोळी अडकवायच्या, एक डोळा मिटायच्या आणि माझ्या डोक्यावरचा स्क्रू फिरवून सुई शून्यावर आणायच्या. मग बाळ. सुई थरथरत थांबेपर्यंत घरातल्या सगळ्यांच्या माना उंच झालेल्या असत. "किती भरलं?" हा प्रश्न मी हजार वेळा ऐकला असेन, पण मला त्याचा कधी कंटाळा आला नाही. एका आजोबांनी तर नातीचं वजन वाढलं म्हणून माझ्यापुढेच हात जोडले. मला ओशाळल्यासारखं झालं. वाढवलं होतं तिच्या आईनं, मी नुसता सांगणारा.

त्या वेळी कचेरीचा फॉर्म तळहाताएवढा होता. मुलाचं नाव, तारीख, वजन, संपलं.

मग त्यात एक रकाना आला, घरात किती माणसं झोपतात. कुणाला काही वाटलं नाही. पुढच्या वर्षी आलं, पाहुणे कोण येतात. मग, मुलाला रागावतं कोण. मग, बोलताना आवाज चढतात का. महिन्याची फेरी आठवड्यावर आली आणि दिवसाला वीस घरं झाली. कचेरीचं म्हणणं एकच, हे सगळं मुलांच्या भल्यासाठी. पहिल्यांदा हे प्रश्न विचारताना थोरल्या नर्सबाईंचे कान लाल व्हायचे. नंतर त्यांनी विचारणंच सोडलं, त्या नुसत्या बघायला लागल्या.

या स्वयंपाकघराची मालकीण, म्हणजे गोटीची आई, घरीच कपडे शिवते. मशीन चालवताना सतत कुठलं तरी भजन गुणगुणते, चाक थांबलं की भजनही थांबतं. गोटीचे बाबा बस चालवतात. गोटीची आत्या त्यांच्याजवळच राहते आणि टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवर बसते. गोटी तेव्हा दीड वर्षाची होती. बारीक चणीची, आत्यावर गेलेली. डोक्यावर केस उगवायला तयार नव्हते म्हणून ती गोटी.

एकदा नर्सबाई डब्यांची झाकणं उघडून बघत होत्या. गोटीची आई हसत म्हणाली, "बाई, एवढं निरखून बघताय, घर विकत घ्यायचंय का?" नर्सबाईही हसल्या. पण दुसऱ्या दिवशी आईनं उरलेल्या कापडाचा एक पडदा शिवला आणि आतल्या खोलीच्या दाराला लावला. पुढच्या आठवड्यात तेही फॉर्मवर उतरलं, आतल्या खोलीला पडदा.

आता माझी चूक सांगतो, कारण ती लपवून ही गोष्ट पुरी होणार नाही. माझी स्प्रिंग थकली होती आणि स्क्रू गंजून घट्ट बसला होता. झोळी रिकामी असली तरी सुई आठशे ग्रॅमवर उभी राहायची. बाईंना एक्केचाळीस रकाने भरायचे होते. त्यांचे डोळे कपाटावर, चुलीवर, पडद्यावर. माझ्यावरचा भरलेला आकडा तेवढा त्या जाता जाता टिपून घ्यायच्या, रिकाम्या सुईकडे बघायला त्यांना उसंतच नव्हती. दोन वर्षं मी प्रत्येक मुलाला आठशे ग्रॅम फुकट देत होतो. जास्त भरलेल्या वजनाची तक्रार कोण करतो?

मग कचेरीत नवा नियम आला. एकच नर्स त्याच त्या घरांत गेली की तिला माया लागते, म्हणून नर्सा बदलायच्या. थोरल्या नर्सबाईंना टेबलावरचं काम मिळालं. मला स्टोअरात जमा करताना त्या कारकुनाला एवढंच म्हणाल्या की याचा स्क्रू अडकतोय. मी शनिवारी दुरुस्तीला गेलो. तिथल्या माणसानं माझी स्प्रिंग बदलली, तेल घातलं, सुई शून्यावर आणली आणि एक चिठ्ठी लिहून हुकाला दोऱ्यानं बांधली, 'रिकामा असताना आठशे ग्रॅम दाखवत होता. दुरुस्त केला.' सोमवारी सकाळी कारकुनानं ती सोडली आणि दुरुस्तीच्या फायलीत, खालच्या खणात ठेवली. मुलांच्या फायली वरच्या मजल्यावर. मध्ये जेमतेम अकरा पायऱ्या होत्या, पण या कामासाठी त्या कुणी चढलं नाही.

नव्या नर्सबाई मला घेऊन निघाल्या. गोटी झोळीत बसली आणि मी दोन वर्षांनी पहिल्यांदा खरं बोललो. आठ किलो. मागच्या सोमवारचा आकडा होता आठ किलो आठशे. नव्या बाईंनी तो लिहिला, गोटीच्या आईकडे एकदा रोखून पाहिलं आणि पुढच्या घरी निघाल्या. त्या दिवशी वीसच्या वीस मुलांची वजनं घटली, पण प्रत्येकाची फाईल वेगळी. दोन फायली शेजारी ठेवून बघण्याची तिथे रीत नव्हती. त्यातली सात मुलं फायलीतल्या कुपोषणाच्या लाल रेषेखाली गेली.

बुधवारी इथे खाली दारात गाडी थांबली. हे मी पाहिलं नाही, पुढे याच खिडकीशी वहिनी-नणंदांच्या बोलण्यातून ऐकलं. दोन अधिकारी होते आणि हातात कागद. आठवड्यात आठशे ग्रॅम घट, आतल्या खोलीला पडदा, घरात आवाज चढतात. तीन रकाने एका ओळीत मांडले की घर किती भयंकर दिसतं ते तुम्हीच बघा. चौकशी पुरी होईपर्यंत गोटीला सरकारी शिशुगृहात ठेवायचं आणि चौकशीत आईचा दोष ठरला तर ती परत मिळायची नाही, असं सांगून ते तिला घेऊन गेले. बाबा बसच्या फेरीवर होते. ते घरी आले तेव्हा आई उंबऱ्यात बसली होती आणि तिच्या हातात गोटीचा एकच बूट होता.

शुक्रवारी वर्तमानपत्रात मोठा मथळा आला, 'सात घरांत चिमुकले उपाशी, आयाच निर्दयी?' शेवटी प्रश्नचिन्ह होतं. म्हणजे लिहिणारा मोकळा आणि वाचणाऱ्यानं मात्र काय ते समजायचं. खाली कुठल्यातरी बाळाच्या हडकुळ्या हाताचा फोटो, तो या सातांपैकी कुणाचाच नव्हता. आणि काळ्या चौकटीत सातही मुलांची वजनं, मागच्या सोमवारची आणि या सोमवारची.

संध्याकाळपर्यंत गल्ली बदलली. शिवायला कपडे टाकून गेलेल्या बायका ते अर्धवटच परत घेऊन गेल्या. समोरच्या काकूंनी आपल्या नातवाला हाताला धरून रस्त्याच्या पलीकडून नेलं. आत्याही आधी बातमीलाच भुलली. तिनं विचारलं, "वहिनी, खरं सांग, दूध पातळ करत होतीस का गं?" गोटीची आई मशीन चालवत राहिली. ती एका झग्याला दोन्ही बाह्या उलट्या शिवत होती हे आत्याला दिसलं, पण तिला सांगायचा धीर झाला नाही.

रविवारी आत्यानं चष्मा लावला आणि तीच बातमी पुन्हा हातात घेतली. मथळा सोडून ती चौकट वाचायला लागली. दिवसभर पार्सलांची वजनं लिहिणारी बाई, आकडे दिसले की तिचा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. सात वजाबाक्या. आठशे, आठशे, आठशे, सातशे, आठशे, आठशे, आठशे.

"वहिनी, मशीन थांबव," ती म्हणाली. "सात घरं, सात आया, एकमेकींना ओळखत नाहीत, आणि सगळ्यांनी पोरांना तोलून-मापून सारखंच उपाशी ठेवलं?"

गोटीची आई उठली, तिनं कागद हातात घेतला आणि सातही आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "वन्सं, एवढ्या लोकांनी वाचलं. एकानंही वजाबाकी केली नाही?"

सोमवारी कचेरी उघडताच दोघी आल्या, नव्या नर्सबाई अजून फेरीला निघायच्या होत्या. मी कारकुनाच्या मागे खुंटीला होतो. आत्यानं पिशवीतून साखरेचा किलोचा पुडा काढला आणि मला लावायला सांगितलं. मी बरोबर एक किलो दाखवला. कारकून हसला. "बघा. काटा खरा आहे. नुकताच दुरुस्त होऊन आलाय."

"आज खरा आहे," आत्या म्हणाली. "दुरुस्तीला जायच्या आधी काय होता?"

कारकुनानं सांगितलं की दुरुस्तीची फाईल बाहेरच्या माणसांना दाखवत नाहीत. बडे साहेबही बाहेर आले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले की चौकशी चालू आहे, तुम्ही घरी जा. गोटीच्या आईनं टेबलाची कड घट्ट धरून ठेवली. 

शेजारच्या खोलीच्या दारात थोरल्या नर्सबाई केव्हा येऊन उभ्या राहिल्या कुणालाच कळलं नव्हतं. मित्रांनो, मला वाचा असती तरी मी बोललो असतो की नाही, देव जाणे. त्या बोलल्या.

"साहेब, मी दोन वर्षं रिकामी सुई बघितली नाही. रकाने भरत होते. या घरातला पडदा मी बघितला, आणि काट्याकडे पाठ केली. फाईल खालच्या खणात आहे."

"हे लिहून द्याल?" साहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज थंड होता. "परिणाम माहीत आहेत ना?"

"कागद द्या," त्या म्हणाल्या.

त्यांनी उभ्यानंच सगळं लिहिलं आणि खाली सही केली. त्यानंतर मी त्यांना कचेरीत पाहिलं नाही.

अकराव्या दिवशी गोटी घरी आली. ती आईकडे झेपावली नाही. अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत राहिली, आणि ते बघणं आईला सगळ्यात जास्त लागलं. ताबा देताना नव्या नर्सबाईंनी तिचं वजन केलं. सात किलो सातशे. त्या अकरा दिवसांत तीनशे ग्रॅम खरोखर घटले होते. नव्या बाई फॉर्मवर जागा शोधत होत्या, पण मूल सरकारच्या घरात घटलं तर कुठे लिहायचं, यासाठी एक्केचाळीस रकान्यांत एकही रकाना नव्हता.

वर्तमानपत्रात सहाव्या पानावर, हरवलेल्या छत्रीच्या जाहिरातीखाली दोन ओळी आल्या, 'सात बालके घरी परतली.' का परतली ते नव्हतं. मग गल्लीनं ते आपल्या मनानं ठरवलं. यांची वर कुणाशी तरी ओळख असणार.

कचेरीनंही धडा घेतला. चूक माणसाच्या नजरेची, म्हणून नजरच नको. आता प्रत्येक घरात मुलाच्या पलंगाच्या पायांखाली एक राखाडी, विजेवर चालणारा वजनाचा पाटा बसवतात. रात्रंदिवस तो वजन घेतो आणि कचेरीला कळवतो. त्याला सुई नाही, तबकडी नाही, एक बारीक लाल दिवा आहे. गोटीच्या आईनं विचारलं, "आकडा कुठे दिसतो?" बसवणारा माणूस म्हणाला, "तुम्हाला बघायची गरज नाही."

मला भंगारात काढलं, तेव्हा आत्यानं अर्ज करून मला मागून आणलं. दर सोमवारी गोटीची आई आधी सगळ्यांना माझी रिकामी सुई दाखवते, मग गोटीला झोळीत बसवते. बाकीच्या सहा घरांतल्या आया ऐकून आल्या. मग आणखी काही. आपापलं मूल गोटीच्या पलंगावर बसवून त्या पाळीची वाट बघतात आणि आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघून, स्वतःच्या वहीत लिहून नेतात. मशीन तेवढा वेळ बंद असतं, तरी भजन चालू असतं. इतका मान मला भरज्वानीतही मिळाला नव्हता.

पण त्या पलंगाखाली पाटा आहे. पलंगावर बसलेलं प्रत्येक मूल त्यानं मोजलं. गेल्या आठवड्यात नव्या नर्सबाई आल्या तेव्हा फॉर्मवर बेचाळिसावा रकाना होता, 'सोमवारी परकी मुले या घरी का आणली जातात?' गोटीच्या आईनं खरं ते सांगितलं. बाईंनी त्यातले दोनच शब्द लिहून घेतले, 'हुकाला टांगतो'. आणि काल समोरच्या फुटपाथवर एक माणूस बराच वेळ या खिडकीचे फोटो काढत उभा होता.

मित्रांनो, कदाचित या घराची बातमी लवकरच तुमच्या हाती पडेल. मथळा मोठा असेल. शेवटी प्रश्नचिन्ह असेल. फोटोत मी असेन, मुलांना हुकाला टांगतात म्हणून. माझी एवढीच विनवणी आहे. मथळ्याखालची बारीक अक्षरंही वाचा. आकडे दिलेले असतील तर पेन्सिल घ्या, नसतील तर का नाहीत ते विचारा. ज्यानं तोललं त्याचा काटा कुणी तपासला होता, तेही विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत या दारावरून जाताना आपल्या मुलांना पलीकडच्या बाजूनं नेऊ नका.

आई आत्ता शिवत होती. तिनं चाक हातानं थांबवलंय. जिन्यावर पावलं वाजतायत, दोन-तीन माणसांची, सावकाश चढणारी. आणि आज सोमवार नाही.