बुडालेल्या रानाचं बी

“आत कोण हाय?”

मेघनानं माझ्या तोंडाला तोंड लावून विचारलं, आणि गोठ्याच्या दाराआड दडलेली मोना किंचाळली, “पळ गं! आता सांगंल ते!” भुताला हाक मारायची, अशी मैत्रिणींनी पैजच लावली होती. वारा सुटला की या गोठ्यात कुणीतरी ‘हूऽऽ’ करतं, ते भागुआत्याचं भूत, असं डाळज गावच्या साऱ्या पोरींना ठाऊक होतं.

मित्रांनो, भूत कसलं! मी एक जुना तुंबा आहे. वाळवून पोकळ केलेला कडू भोपळा. मेघनाच्या वडिलांच्या बहिणीनं, भागुआत्यानं, मला कोरलं ते शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, बियाण्यासाठी. कापणीआधी ती उभ्या पिकात शिरून टपोरी कणसं निवडायची, हातानं चोळायची. मग राख नि कडुलिंबाचा पाला घालून माझं तोंड चिंधीच्या बोळ्यानं बंद करायची आणि मला चुलीवर धुरात टांगायची. “भागूचं बी किडत न्हाय बघ,” शेजारणी म्हणत. मी मनातून फुगायचो!

मग उजनीचं धरण झालं. आमचं काळं रान पाण्याखाली गेलं. ट्रकमध्ये बायकांच्या मांडीवर पोरं होती, आत्याच्या मांडीवर मी. घर गेलं, विहीर गेली. त्या रानाचं उरलं ते माझ्या पोटात. अजूनही अंधारात दाणे सरकले की वाटतं, पाण्याखाली कुणीतरी पेरणीची पाभर हाकतंय.

नव्या जागीही आत्या दरसाल एक पट्टा पेरायची. ती गेली आणि पेरणी राहिली. घरात गॅस आला, मी गोठ्यात आलो. मेघनाची आई करुणा मला शिवेना. “वन्संचा हात हाय त्यात,” म्हणायची. माया होती ती. पण बोळा सैल झाला, वारा शिरला, मागोमाग किडे शिरले. मी घुमून घुमून हाका मारत होतो आणि लोक भिऊन पळत होते!

मेघना पळाली नाही. तिनं मला उतरवून सुपात पालथं केलं. अर्धे दाणे पोकळ. “ठेव ते!” म्हणत आई धावली. पण तिनंच एक दाणा उचलून दाताखाली धरला. कट्ट! “सुका हाय,” ती हळूच म्हणाली. “वन्सं असंच बघायच्या.” तिचे हात आपोआप भरीव दाणे निवडू लागले. मूठभर बी तिनं ओल्या गोणपाटात गुंडाळलं. काही दिवसांनी कोंब आले. थोडेच, पण आले. आणखी एक साल गेलं असतं तर तेवढेही आले नसते.

मित्रांनो, गेलेल्या माणसाची आठवण म्हणून बी नुसतं टांगून ठेवू नका. मी निदान घुमतो. दाणा आतल्या आत मरतो, त्याला आवाज नसतो.

वडील, भानुदास, लागणीसाठी उसाचं बेणं सांगून ठेवायला निघाले, तशी मेघना दारात आडवी उभी राहिली. “आबा, बांधाकडच्या पट्ट्यात यंदा ऊस न्हाय. तितं मी शाळू पेरणार.”

“एवढ्याशा दाण्यापायी कारखान्याचा ऊस सोडायचा व्हय?”

“व्हय. आन् आई, उभ्या पिकात कणसं कशी निवडायची ते तू दाखवायचंस. आत्याला आता विचारता येत न्हाय. तू तिच्यासंगं निवडलीयास, तुला येतंय, तवर मी शिकणार हाय.”